सिरोंच्याची चव

"बुऱ्हाणपूर," रूहीनं मोबाइलवरून वाचलं. "चंदेरी. अचलपूर. बिदर. सांग ना अम्मी, कुठं जायचं? शनिवारी सकाळी निघू, रविवारी रात्री घरी."

हाजराबी कांदा परतत होत्या. कढईवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "सिरोंचा नाई का त्याच्यात?"

रूहीनं मोबाइल ओट्यावर ठेवला. पुण्यात ती ज्या कंपनीत होती, ती कंपनी लोकांना शनिवार-रविवारच्या सहली आखून देत असे. महाबळेश्वर आणि लोणावळ्याच्या गर्दीला कंटाळलेल्या माणसांसाठी फारशी कुणाला ठाऊक नसलेली शहरं हुडकून काढणं हेच रूहीचं काम. त्या निमित्तानं तिनं नकाशावरचे कुठले कुठले कोपरे धुंडाळले होते. पण सिरोंचा? गडचिरोली जिल्ह्याच्या पार शेवटच्या टोकाला, तेलंगणाच्या सीमेवरचं गाव. चंद्रपूरची माणसंसुद्धा तिकडे गेली तर बदली झाली म्हणून जातात, आणि बदली रद्द होते का हे बघत परत येतात.

"सिरोंच्यात पाहायला काय आहे अम्मी?"

"मले काय माहीत? म्हणून त जाऊ म्हणते."

हे काही खरं नव्हतं. सिरोंच्यात काय आहे हे हाजराबींना पक्कं ठाऊक होतं. तिथे एक चव होती, आणि ती गेली कित्येक वर्षं मासोळीच्या काट्यासारखी त्यांच्या घशात अडकून बसली होती.

हाजराबींबद्दल आधी थोडं सांगायला हवं. चंद्रपूरच्या घुटकाळा मोहल्ल्यात कुणाचं लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी हाजराबींना तारीख कळत असे. पन्नास माणसांची दावत असो की पाचशेंची, देगेपाशी त्या उभ्या राहिल्या की मुलीचा बाप निवांत खुर्चीवर बसायचा. त्यांच्या बिर्याणीत कुणी खोट काढली नव्हती आणि काढली असती तर त्याची धडगत नव्हती. बाकी साऱ्या बाबतींत बाई प्रेमळ होती, पण आपल्या हाताच्या चवीबद्दल ती नाकावर माशी बसू देत नसे.

अशा बाईच्या घरात, तिच्याच दस्तरखानावर बसून, तिचा नवरा दुसऱ्या कुणाच्या हाताचं कौतुक करायचा.

गफ्फारभाई एसटीत ड्रायव्हर होते. चंद्रपूर–सिरोंचा ही मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होती. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी पोचायची, रात्रभर तिथेच उभी राहायची आणि सकाळी उलटी निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं. दुसऱ्या दिवशी गफ्फारभाई घरी येत, आंघोळ करत, खाकी शर्ट खुंटीला लावत, आणि केव्हातरी कूस बदलता बदलता म्हणत, "काल सिरोंच्याले मासोळी खाल्ली. वा." बस, एवढंच. पण त्या 'वा'नं हाजराबींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांनी प्रयत्न करून पाहिला नाही असं नाही. सिरोंच्याच्या मिरच्या मागवल्या, तिकडची चिंच मागवली, तेलंगणाकडची माणसं टाकतात म्हणून अंबाडीचा पालाही टाकून पाहिला. गफ्फारभाई दोन-दोन ताटं जेवत, बोटं चाटत आणि म्हणत, "अच्छी झाली. पण सिरोंच्याची बात अलग." कोण बनवतं तिथे, असं विचारलं तर म्हणत, "हाय तिथी एक." हाजराबींना कधी संशय आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आला होता, एकदोनदा. पण ज्या माणसाला बायकोसाठी बांगड्या घ्यायलासुद्धा मेहुण्याला सोबत न्यावं लागायचं, त्याच्यावर फार काळ संशय घेता येत नाही. राग मात्र घेता येतो. तो त्यांनी मनापासून घेतला.

मग गफ्फारभाई रिटायर झाले आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी झोपेतच गेले. तिथून खरी अडचण सुरू झाली. माणसाची बरसी आली की त्याला आवडायचं ते शिजवायचं, त्यावर फातिहा द्यायचा आणि त्याच्या नावानं ते चार जणांना जेवायला घालायचं, ही घराघरातली रीत. पहिल्या बरसीला हाजराबींनी बिर्याणी केली. दुसऱ्या बरसीलाही बिर्याणीच केली. माणसं जेवली, वाखाणून गेली. पण दुसऱ्या वर्षी देग धुताना त्यांच्या मनात आलं, की आवडीचं म्हणून आपण जे शिजवलं ते आपल्या आवडीचं होतं. ज्याच्या नावाचं ताट, त्याच्या जिभेचं त्यात काहीच नव्हतं. त्या दिवशी हाजराबी देगेपाशी बसून रडल्या होत्या, आणि हे कुणालाही माहीत नव्हतं.

आता येत्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिसरी बरसी होती.

*

शनिवारी सकाळी शेजारच्या नदीमची गाडी घेऊन मायलेकी निघाल्या. गाडी रूही चालवत होती, आणि हाजराबी शेजारी बसून चालवत होत्या. त्या या रस्त्यानं आयुष्यात कधी आल्या नव्हत्या, पण सारा रस्ता त्यांना तोंडपाठ होता. गोंडपिपरी गेलं की म्हणाल्या, आता आष्टीचा पूल येईल. पूल आला. पुलाखालून वैनगंगा वाहत होती. मग म्हणाल्या, आता आलापल्लीपर्यंत झाडंच झाडं. झाडंच झाडं आली; सागाची पानं गळून रस्त्याच्या कडेला ढीग लागले होते. एका वळणावर त्यांनी रूहीला गाडी हळू घ्यायला सांगितलं. अब्बा इथे नेहमी ब्रेकवर पाय ठेवून असत, ढोरं आडवी येतात म्हणून. वळणापलीकडे खरोखर दोन म्हशी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. रूहीनं आईकडे पाहिलं. हाजराबी काचेतून बाहेर बघत होत्या, जणू त्यांनी काही विशेष केलंच नव्हतं.

आलापल्लीला चहा पिताना त्यांनी मुलीला खरं कारण सांगितलं. ऐकून रूही आधी हसली.

"म्हणजे एवढे सव्वादोनशे किलोमीटर आपण मासोळीच्या रश्श्यासाठी चाललोय?"

"रश्श्यासाठी नाई. त्यायच्या बरसीसाठी."

मग रूही हसली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, की अब्बांना आवडणारी मासोळी दादीच्या हातची तर नसेल? हाजराबींनी कप खाली ठेवला. सासूचा विषय त्यांच्या घरात निघत नसे. का निघत नसे, ते त्यांनी हसत हसत, थोड्याशा ऐटीतच सांगितलं.

सासू म्हणजे जैबुनबी, राजुऱ्याकडच्या खेड्यातली. हाजराबींचं लग्न व्हायच्या आधीच ती गेली होती. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माहेरची चार माणसं जेवायला बसली असताना गफ्फारभाई बोलून गेले, की अम्मी मासोळी करायची तेव्हा घरात कुणी बोलतसुद्धा नसे. नवी नवरी होती, माहेरची माणसं समोर होती. हाजराबींनी पळी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मेल्या म्हशीले मणभर दूध. या घरात एक त तुमच्या अम्मीची तारीफ चालन, नाई त माहा हात चालन." माहेरची माणसं हसली. गफ्फारभाईही हसले, आणि त्यानंतर आईच्या हाताचा शब्द त्यांनी घरात कधीच काढला नाही.

"पक्का बंदोबस्त केला मी," हाजराबी म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

*

सिरोंच्याच्या अलीकडे शेतं लाल व्हायला लागली. तोडलेल्या मिरच्या उन्हात पसरून ठेवल्या होत्या, एकरच्या एकर. काचा बंद असूनही रूहीला शिंका आल्या. गावात शिरल्यावर दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली तेलुगू दिसू लागलं. हाजराबींनी पत्ता विचारला मराठीत, उत्तर मिळालं तेलुगूत, आणि समोरच्यानं हातानं जे दाखवलं ते मात्र दोघींना नीट समजलं. लॉजवर सामान टाकून त्या उजेड असतानाच एसटी स्टँडवर आल्या. मासोळी चांगली कुठे मिळते, असं हाजराबींनी तीन जणांना विचारलं. तिघांनी एकाच दिशेला बोट केलं.

स्टँडच्या मागे, कडुनिंबाखाली, टिनाच्या छपराची खानावळ होती. बाहेर पाटी होती, 'प्रेमिला भोजनालय'. आत चार बाकं, आणि चुलीपाशी पंचेचाळिशीतली एक सावळी, भरदार बाई. नवरा मनसाराम नदीतून मासोळी आणतो आणि ती रांधते, एवढं तिनं पाणी ठेवता ठेवताच सांगून टाकलं. हाजराबींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं. आपण ठेवणीतली साडी नेसून आलो हे बरं केलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. रूहीनं ते ओळखलं आणि ती तोंड फिरवून हसली.

ताटं आली. भात आणि मरळ मासोळीचा रस्सा. रूहीनं पहिला घास घेतला आणि हुश्श करत पाण्याचा पेला उचलला. हाजराबींनी घास तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. तिखट तर होतंच. चिंच होती. लसूण विस्तवात भाजून मग ठेचलेला होता. हे सगळं त्यांनीही करून पाहिलं होतं. पण याखाली आणखी काहीतरी होतं, दाट, थोडं कडवट, जिभेवर रेंगाळणारं. दुसऱ्या घासाला त्यांना ते सापडलं.

"याच्यात जवस हाय," त्या म्हणाल्या.

प्रेमिला वळली. तिला मोठी गंमत वाटली. "हाव अक्का. भाजून, कुटून, आखरीले टाकतो. आजपावतर कोणी वळखलं नाई. तुमाले कसं समजलं?"

हाजराबींनी नुसतं विचारलं, की इकडे मासोळीत जवस टाकायची रीत आहे का.

"नाई वो. इथी कोणी नाई टाकत. हे त ड्रायवरभाऊनं शिकवलं मले. गफ्फारभाऊ, चांद्याच्या गाडीचे."

रूहीचा हात ताटातच थांबला. ती काही बोलणार तोच हाजराबींनी बाकाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

प्रेमिलाला आठवणींचा उमाळा आला होता. तिला कुणी थांबवायची गरज नव्हती आणि कुणी थांबवलंही नाही. ती सांगत होती ती तिच्या नव्या नवरीपणातली गोष्ट होती. तेव्हा ती स्टँडवर टोपलीत कच्ची मासोळी घेऊन बसायची. चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची, गाडी लागली की ड्रायव्हरभाऊ डिक्कीतून स्टोव्ह काढत, कंडक्टर कांदा चिरायला बसे, आणि ड्रायव्हरभाऊ स्वतः मासोळी शिजवत. स्टँडवरचं जे माणूस जागं असेल त्याला वाटीभर मिळायचंच. तिनं काही दिवस नुसतं पाहिलं आणि मग एकदा धीर करून म्हणाली, भाऊ, मलाही शिकवा.

"तं म्हणे, पोरी, कच्ची विकशीन त सांजपावतर सडते, शिजवून विकशीन त हंडी रिकामी होते. ही खानावळ त्यायच्याच बोलण्यानं लागली पाहा."

हाजराबी ऐकत होत्या. घरी ज्या माणसाला चहाचा डबा कुठल्या फळीवर असतो ते माहीत नव्हतं, तो माणूस इथे स्टोव्हपाशी उकिडवा बसून लसूण भाजत होता. आणि घरी येऊन ज्या हाताची तारीफ करत होता तो त्याचाच हात होता. लबाड कुठला. त्यांना हसूही आलं आणि चीडही आली. हे घरी जाऊन बोलून दाखवायला आता तो माणूस नव्हता, याची सगळ्यात जास्त चीड आली.

पण प्रेमिलाचं सांगणं संपलं नव्हतं.

"मी इचारलं त्यायले एकदा," ती म्हणाली, "भाऊ, घरी वहिनी नाई बनवत का अशी? तं हासले. म्हणे, ही माह्या अम्मीच्या हातची हाय. घरवालीचा हातही एक नंबर हाय, पण एका चुलीवर दोन हात नाई चालत. म्हणून एक घरी ठेवला, एक इथी आणून ठेवला."

कडुनिंबाखाली कुणीतरी सायकल लावली, तिचं स्टँड खडकन वाजलं. हाजराबींनी ताटातला भात बोटांनी गोळा केला, पण उचलला नाही. इतकी वर्षं त्यांनी सिरोंच्यातल्या कुठल्याशा बाईशी वैर धरलं होतं, आणि ती बाई होती जैबुनबी. मेलेली, कधी न पाहिलेली, आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात घराबाहेर काढलेली. नवरा भांडला नाही, रुसला नाही. आईला त्यानं गाडीत घातलं आणि सव्वादोनशे किलोमीटर दूर नेऊन ठेवलं, आणि जमेल तेव्हा येऊन भेटत राहिला. हाजराबींना अगदी आतून वाईट वाटलं.

"मी त्यायची घरवाली," त्या म्हणाल्या.

प्रेमिला पाहतच राहिली. मग तिचा चेहरा उजळला आणि ती दाराकडे बघू लागली. "मंग भाऊ कुठी हायेत? गाडीत बसले का?"

"नाई राह्यले ते. तीन वर्सं होतीन आता."

प्रेमिलानं हातातली पळी हंडीवर आडवी ठेवली आणि पदर तोंडाला लावला. ड्रायव्हरभाऊ रिटायर झाले एवढंच तिला माहीत होतं. आज येतील, उद्या येतील, असं ती नवऱ्याला अजून म्हणत होती. हाजराबी उठल्या, चुलीपाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या आल्या होत्या कशासाठी आणि उभ्या होत्या कशा, याचा विचार करायला त्यांना त्या वेळी सवड नव्हती.

*

रविवारी सकाळी मनसाराम दोघींना नदीवर घेऊन गेला. प्राणहिता आणि गोदावरी जिथे मिळतात तिथे रेतीचं मोठं मैदान उघडं पडलं होतं, आणि त्यातून दोन प्रवाह, एक हिरवट आणि एक मातकट, बराच वेळ एकमेकांना न भेटता शेजारून वाहत होते. पलीकडे तेलंगणा. मनसारामनं होडीतून थोडं फिरवलं. मग इंग्रजांच्या वेळचा बंगला झाला, किल्ल्याच्या पडक्या भिंती झाल्या, दर्गा झाला. हाजराबींनी दर्ग्यात बराच वेळ घेतला. रूही फोटो काढत होती आणि मध्येच थांबून काहीबाही टिपत होती. पुण्याला बॉसला आता आपण ठणकावून सांगणार आहोत, असं ती म्हणाली. चंदेरी गेली चुलीत. नदी आहे, जंगल आहे, दोन राज्यांची बोली आहे, आणि गर्दी नावाला नाही.

"सिरोंच्याबद्दल पहिली ओळ काय लिहू अम्मी?"

"लिही का, उपाशी येजा."

पण हाजराबींचं लक्ष तिथे नव्हतं. त्यांनी सकाळीच मनसारामकडून एक मोठी मरळ वेगळी काढून घेतली होती आणि बाजारातून जवस आणलं होतं. परतल्या त्या थेट प्रेमिलाच्या चुलीपुढे बसल्या. आज मी करणार, एवढंच म्हणाल्या. पाचशे माणसांच्या देगेपुढे उभी राहणारी बाई. एका हंडीपुढे बसताना तिचे हात कधी अवघडले नव्हते. आज मात्र त्यांनी प्रेमिलाला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक गोष्ट विचारून केली. लसूण किती काळा होऊ द्यायचा. चिंचेचं पाणी आधी की मिरची आधी. घुटकाळ्यातल्या कुणी पाहिलं असतं तर त्याचा डोळ्यांवर विश्वास बसला नसता.

जवस टाकायची वेळ आली. किती, असं त्यांनी विचारलं.

"एक मूठ. भाऊ असेच टाकत."

हाजराबींनी मूठ भरली आणि ती उघडून पाहिली. कुटलेलं जवस तळव्यात जेमतेम होतं.

"त्यायची मूठ मोठी होती," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वर अर्धी मूठ आणखी टाकली.

रश्श्याला दाट रंग आला, तेल कडेनं सुटलं. हाजराबींनी पळीच्या टोकानं थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि मान हलवली. जमलं होतं. जमणारच होतं, हात शेवटी त्यांचा होता, एवढा ताठा त्यांच्यात अजून शिल्लक होता. पण आज त्यांना त्याचा आनंद वेगळाच झाला. ज्या बाईशी आयुष्यभर एक शब्द बोलल्या नाहीत, तिच्यासोबत बसून काहीतरी केल्यासारखं त्यांना वाटत होतं.

रूहीला वाटलं होतं, आता पद्धत समजली, जुमेरातीला घरी जाऊन बरसी करायची. हाजराबींनी मान हलवली. घरी पुन्हा करूच, त्या म्हणाल्या, पण तुझ्या अब्बांचं ताट इथलं होतं, ते इथेच वाढायचं. कुणाला वाढायचं ते त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. दुपारी अहेरीहून गाडी येते, हे त्यांनी सकाळीच स्टँडवर विचारून ठेवलं होतं.

गाडी आली. माणसं उतरली, पोती उतरली, कोंबड्यांची एक पाटी उतरली. शेवटी ड्रायव्हर उतरला. चाळिशीतला, खाकी शर्टाची वरची गुंडी उघडी, गळ्याभोवती रुमाल. हात-तोंड धुऊन तो खानावळीत आला आणि नेहमीच्या बाकावर बसला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही.

हाजराबींनी ताट वाढलं. भात, रस्सा, मासोळीचा मधला तुकडा, कांदा. मग ते चुलीशेजारच्या फळीवर ठेवून त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हात उघडे पुढे धरले आणि ओठांतल्या ओठांत फातिहा म्हटला. गफ्फारभाईंचं नाव घेतलं. त्यानंतर क्षणभर थांबल्या, आणि जैबुनबीचं नावही घेतलं. शेजारी प्रेमिला हात जोडून उभी होती. ताट त्यांनी स्वतः नेऊन ड्रायव्हरपुढे ठेवलं.

ड्रायव्हर लोक जेवतात तसा तो जेवला, खाली मान घालून, गाडीकडे एक डोळा ठेवून. पण दुसऱ्यांदा भात मागताना त्याची मान वर झाली. तिसऱ्यांदा त्यानं नुसता रस्सा मागितला आणि वाटी तोंडाला लावली. हाजराबी बाजूला उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी हजारो माणसं जेवताना पाहिली होती, पण कुणाच्या घासावर त्यांचा जीव असा अडकला नव्हता.

कंडक्टरनं बाहेरून हाक मारली. ड्रायव्हरनं हात धुतले, रुमालाला पुसले आणि प्रेमिलाकडे वळला. "बाई, आज दुसऱ्या कोणाचा हात हाय का? गजब झाली मासोळी."

प्रेमिलानं हाजराबींकडे पाहिलं. रूहीनंही पाहिलं. तारीफ आपणहून दारात आली होती आणि ती घ्यायला मालकीण समोर उभी होती.

"माह्या सासूचा हाय," हाजराबी म्हणाल्या.

ड्रायव्हरनं चुलीकडे, मग आतल्या खोलीच्या दाराकडे नजर टाकली. म्हातारी कुणी दिसली नाही. आत निजली असेल असं समजून त्यानं आवाज थोडा खाली आणला.

"त्यायले सांगजा, पोट भरून जेवलो म्हणून."

"सांगते बापा," हाजराबी म्हणाल्या.

तो गाडीवर चढला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी स्टँडाबाहेर पडली, मिरच्यांच्या शेतांमधल्या रस्त्याला लागली आणि धुळीत दिसेनाशी झाली. हाजराबी दारात उभ्याच होत्या. धूळ खाली बसेपर्यंत त्यांनी डोक्यावरचा पदर उतरवला नाही.